मेगा ड्राइव्ह मिनी : मायदेशी हरलेल्या कन्सोलची छोटी आवृत्ती

सेगा या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचा 'मेगा ड्राइव्ह मिनी' 19 सप्टेंबर 2019 रोजी जपान आणि उत्तर अमेरिकेत एकाच दिवशी विक्रीस आला आणि 4 ऑक्टोबरला युरोपात पोहोचला. 1988 सालच्या मूळ मेगा ड्राइव्ह या कन्सोलच्या (टीव्हीवर खेळ खेळण्याच्या यंत्राच्या) सुमारे 55 टक्के आकाराचा हा डबा एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडायचा, मायक्रो यूएसबीने त्याला वीज द्यायची आणि आत भरून दिलेले 42 खेळ खेळत बसायचे, इतका त्याचा वापर सोपा आहे. अमेरिकेत तो 'जेनेसिस मिनी' या नावाने विकला गेला, कारण मूळ कन्सोललाही तिथे नावाच्या हक्काच्या अडचणीमुळे जेनेसिस म्हणूनच विकावे लागले होते. अशा छोट्या प्रतिकृतींची परीक्षणे बहुधा बालपणीच्या आठवणींपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. या डब्याकडे मी वेगळ्या कारणासाठी पाहतो. मूळ मेगा ड्राइव्ह जपानमध्ये तिसऱ्या क्रमांकावर राहिला, अमेरिकेत त्याने निन्टेन्डो या प्रतिस्पर्धी जपानी कंपनीला घाम फोडला, युरोपात आघाडी घेतली आणि ब्राझीलमध्ये तर तो घरोघरी पोहोचला. यंत्र एकच असताना चार बाजारांत चार निकाल कसे लागले, हे समजून घेण्यासाठी आज विकत घेता येईल अशी यापेक्षा चांगली वस्तू मला ठाऊक नाही. मात्र या वस्तूने तो इतिहास पूर्ण सांगितलेला नाही, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

प्रथम वस्तूविषयी. बांधणी उत्तम आहे. कॅसेट घालण्याच्या खाचेवरची झापे खरोखर उघडतात, आवाजाची सरकपट्टी सरकते (आवाज मात्र तिने बदलत नाही), आणि जपानी आवृत्तीच्या काळ्या पाठीवर '16-बिट' ही सोनेरी अक्षरे जशीच्या तशी आहेत. जुन्या खेळांना नव्या यंत्रांवर चालवण्यात ज्या एम-टू या जपानी कंपनीचा हातखंडा आहे, तिच्याकडेच सेगाने हे काम सोपवले. सुरुवातीला ते दुसऱ्या एका कंपनीला दिले होते; पुढे बेत बदलला आणि विक्री वर्षभर लांबली, पण थांबल्याचे चीज झाले. मोटोरोला 68000 हा मूळ यंत्राचा मुख्य प्रोसेसर आणि यामाहाची वायएम-2612 ही ध्वनीची चिप या दोहोंचे अनुकरण इतके नेमके आहे, की 'स्ट्रीट्स ऑफ रेज 2'मधला खर्जातला धातुमय ठेका ऐकताना कुठेही कृत्रिमता जाणवत नाही. त्या खेळाचे संगीतकार युझो कोशिरो यांच्याकडूनच मेनूचे संगीतही करून घेतले आहे. प्रत्येक खेळाची प्रगती चार ठिकाणी साठवता येते, जुन्या काचेच्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा हव्या असल्यास तीही सोय आहे, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा विलंब खटकत नाही.

या डब्याचा खरा गुण मात्र सेटिंगमधल्या भाषेच्या निवडीत दडलेला आहे. मेनूची भाषा इंग्रजीवरून जपानी केली, की सूचना तर बदलतातच, शिवाय खेळांच्या खोक्यांवरची चित्रे बदलतात, नावे बदलतात आणि अनेक ठिकाणी आतला खेळच बदलतो. 'स्ट्रीट्स ऑफ रेज 2'चा 'बेअर नकल 2' होतो, 'कॅसलव्हेनिया : ब्लडलाइन्स'चा 'व्हॅम्पायर किलर' होतो. खोक्यांचे कणे दाखवणारी मांडणीही मेनूत आहे. तीत हा संग्रह पुस्तकांच्या फडताळासारखा दिसतो आणि भाषा बदलली की सगळे फडताळच दुसऱ्या देशातले होते. सर्वांत बोलका फरक 'कॉन्ट्रा : हार्ड कोर'मध्ये आहे. अमेरिकी आवृत्तीत एक गोळी लागली की एक जीव जातो, तर जपानी आवृत्तीत तीन फटके सोसता येतात. त्या काळी अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून खेळ आठवड्याच्या सुट्टीपुरते भाड्याने मिळत, त्यामुळे दोन दिवसांत खेळ संपून गेला तर विकत घेणार कोण, ही धास्ती प्रकाशकांना असे आणि ते अमेरिकेसाठी खेळ अवघड करीत, असे यामागचे कारण सांगितले जाते. जपानमध्ये संगणकीय खेळ भाड्याने देण्यास कायद्यानेच आळा घातलेला असल्याने तिथे ही चिंता नव्हती. 'डायनामाइट हेडी'चेही तसेच : जपानी आवृत्तीत पात्रे एकमेकांशी बोलतात, पाश्चात्त्य आवृत्तीत ती बहुतेक गप्प असतात आणि खेळ अधिक कठीण असतो. कुठल्या देशात दुकान कसे चालते, यावर खेळाची काठिण्यपातळी ठरत होती, हे भाषा बदलून दोनदा खेळून पाहिले की वाचल्याविनाही कळते.

आता जपानविषयी. मेगा ड्राइव्ह 29 ऑक्टोबर 1988 रोजी 21,000 येन किमतीला जपानमध्ये आला, आणि त्याच्या अवघे सहा दिवस आधी निन्टेन्डोने फॅमिकॉम या आपल्या जुन्या आठ-बिट यंत्रासाठी 'सुपर मारिओ ब्रदर्स 3' आणला होता. नव्या सोळा-बिट यंत्राकडे वळण्याची घाई जपानी घरांना वाटावी तरी कशासाठी? ज्यांना अधिक देखणे काही हवे होते, त्यांच्यासाठी एनईसी आणि हडसन या कंपन्यांचे 'पीसी इंजिन' हे यंत्र वर्षभर आधीच, म्हणजे ऑक्टोबर 1987मध्ये, दुकानांत येऊन बसले होते. त्यातही जपानी ग्राहकाला ज्या खेळप्रकाराचे विलक्षण वेड होते, त्या लांबलचक भूमिकाप्रधान कथाखेळांच्या दोन मोठ्या मालिका, 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि 'फायनल फँटसी', निन्टेन्डोच्याच दारात होत्या. 21 नोव्हेंबर 1990 रोजी निन्टेन्डोचे सोळा-बिट यंत्र सुपर फॅमिकॉम आले आणि उरलासुरला प्रश्नही निकालात निघाला. जपानमध्ये सुपर फॅमिकॉमचे 1 कोटी 71 लाखांहून अधिक नग विकले गेले. मेगा ड्राइव्हचा आकडा सुमारे 36 लाखांवर थांबला.

मिनीच्या जपानी आवृत्तीतली खेळांची निवड पाहिली, की हा पराभव सेगा विसरलेली नाही असे वाटते, आणि तिने तो मनावर घेतला आहे असे मात्र वाटत नाही. तिच्यात 'लँग्रिसर 2', 'मादो मोनोगातारी', 'रेंट अ हीरो', 'मूशा अलेस्ते' आणि 'यू यू हाकुशो' या जपानी चित्रकथेवरचा मारामारीचा खेळ असे, त्या वेळी ज्यांना मोजकेच पण कडवे चाहते लाभले, असे खेळ आहेत. 'यू यू हाकुशो'चा खेळ ट्रेझर या छोट्या चमूचा. 'गनस्टार हीरोज'ही त्यांचाच. मेगा ड्राइव्हवर जपानी रचनाकारांनी किती धाडस केले आणि ते मायदेशात किती थोड्यांनी पाहिले, हे या यादीवरून समजते. पाश्चात्त्य आवृत्तीत यांपैकी बरेच खेळ नाहीत आणि केवळ भाषा बदलून ते मिळतही नाहीत. 'मॉन्स्टर वर्ल्ड 4' हा 1994मध्ये केवळ जपानमध्ये निघालेला सुंदर खेळ मात्र पाश्चात्त्य आवृत्तीतही दिला आहे, ही निवड विशेष दाद देण्याजोगी आहे.

अमेरिकेची गोष्ट अगदी निराळी. तिथे ऑगस्ट 1989मध्ये 189 डॉलरला जेनेसिस आला, तेव्हा निन्टेन्डोचे आठ-बिट यंत्र अजून जोरात होते आणि त्याचा सोळा-बिट वारस अमेरिकेत यायला ऑगस्ट 1991 उजाडणार होता. या दोन वर्षांचा उपयोग सेगाच्या अमेरिकी शाखेने जपानी मुख्यालयाला न रुचणाऱ्या मार्गांनी केला. आधी जाहिरातींतून प्रतिस्पर्ध्याचे थेट नाव घेऊन त्याची टर उडवली, नामांकित खेळाडूंची नावे आपल्या खेळांना लावली. पुढे मॅटेल या खेळणी बनवणाऱ्या कंपनीतून आलेले टॉम कालिन्स्के यांनी सूत्रे हाती घेतली आणि यंत्राची किंमत उतरवावी, तसेच 'ऑल्टर्ड बीस्ट' काढून त्याच्या जागी सुसाट पळणाऱ्या निळ्या साळूचा नवाकोरा खेळ 'सॉनिक' यंत्रासोबत फुकट द्यावा, असा आग्रह धरला. आपला सर्वोत्तम खेळ फुकट वाटायचा हे जपानी संचालकांना पटण्यासारखे नव्हते. तरी अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी संमती दिली. निन्टेन्डोचे नवे यंत्र 199 डॉलरला आले, तेव्हा सॉनिकसह जेनेसिस जवळपास 150 डॉलरला मिळत होता. नोव्हेंबर 1992मध्ये 'सॉनिक 2' अमेरिका आणि युरोपात ठरलेल्या एकाच मंगळवारी विक्रीस आणण्याचा घाटही याच वृत्तीचा. तो खेळ घडलाही अमेरिकेतल्या सेगाच्या स्टुडिओत, सॉनिकचे प्रोग्रामर युजी नाका आणि अन्य जपानी मंडळींना तिकडे नेऊन.

सॉनिकचे दोन्ही भाग मिनीवर आहेत आणि ते उत्तम चालतात. पण अमेरिकी यश केवळ सॉनिकच्या पायांवर उभे नव्हते, आणि इथे मिनीची बाजू लंगडी पडते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने जेनेसिसची रचना स्वतःच उलगडून काढली, त्या बळावर सेगाकडून परवाना शुल्कात सवलत मिळवली आणि 1990च्या अखेरीपासून 'जॉन मॅडन फुटबॉल'सारख्या क्रीडाखेळांचा धडाका लावला. अमेरिकी वसतिगृहांत जेनेसिस शिरला तो या खेळांमुळे. मिनीवर मॅडन नाही. बर्फावरची हॉकी नाही. बेचाळीसांच्या पाश्चात्त्य यादीत खऱ्याखुऱ्या मैदानी खेळांपैकी एकही नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या नावावर काय ते 'रोड रॅश 2' आहे. संघांचे आणि खेळाडूंचे हक्क तीस वर्षांनी पुन्हा मिळवणे किती खर्चाचे असेल याची कल्पना करता येते, तरीही ही उणीव लहान नव्हे.

दुसरी गैरहजेरी 'मॉर्टल कॉम्बॅट'ची. सप्टेंबर 1993मध्ये हा रक्तरंजित मारामारीचा खेळ सेगा आणि निन्टेन्डो यांच्या दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला. निन्टेन्डोने रक्त काढून टाकायला लावले, सेगाने वयाची श्रेणी छापून एका गुप्त क्लृप्तीमागे ते ठेवू दिले, आणि ग्राहकांनी सेगाची आवृत्ती कितीतरी अधिक घेतली. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली, आणि 1994मध्ये खेळांना वयोगट ठरवून देणारी ईएसआरबी ही व्यवस्था उभी राहिली. बाजारातल्या चढाओढीचे पडसाद थेट संसदेत उमटण्याचे असे उदाहरण विरळाच. मिनीवर मारामारीसाठी 'स्ट्रीट फायटर 2', 'इटर्नल चॅम्पियन्स' आणि 'व्हर्च्युआ फायटर 2' आहेत. पैकी 'स्ट्रीट फायटर'ला सहा बटणे लागतात, आणि अमेरिका व युरोपच्या संचांत दिलेली पॅड (खेळ चालवायची हातातली बटणपेटी) तीनच बटणांची आहेत, त्यामुळे ठोसा आणि लाथ यांच्यात स्टार्ट बटणाने अदलाबदल करीत बसावे लागते. जपानी संचात सहा बटणांचे पॅड आहे. हा भेदभाव मला अनाकलनीय वाटतो. सहा बटणांचे पॅड सेगाने 1993मध्ये काढले तेच मुळी या खेळासाठी. सेगाच्या परवान्याने रेट्रो-बिट कंपनीने बनवलेली यूएसबी पॅड वेगळी विकत घेता येतात, पण तो वाढीव खर्च ग्राहकाच्या माथी.

युरोपबद्दल थोडक्यात. तिथल्या अनेक देशांत निन्टेन्डोचे आठ-बिट यंत्र अमेरिकेइतके कधी रुजलेच नव्हते. ब्रिटनमध्ये मुले स्पेक्ट्रम, कमोडोर आणि अमिगा या घरगुती संगणकांवर खेळत. मेगा ड्राइव्ह 1990मध्ये आला, सुपर निन्टेन्डो (सुपर फॅमिकॉमचे पाश्चात्त्य नाव) 1992मध्ये, आणि मधल्या काळात वाट मोकळी होती. युरोपीय ग्राहकाला मात्र एक दंड भरावा लागे : तिथल्या टीव्हीची गती सेकंदाला 50 चित्रांची असल्याने 60च्या हिशेबाने घडवलेले खेळ सुमारे एक षष्ठांश संथ चालत आणि पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे दिसत. मिनीच्या युरोपीय आवृत्तीत खेळ 60च्याच गतीने चालतात. त्या पिढीने ज्या गतीने सॉनिक पळवला ती खरी गती नव्हती, हे तिला इतक्या वर्षांनी कळले असेल, तर त्याचे श्रेय या छोट्या डब्याला आहे.

ब्राझीलच्या बाबतीत मिनी पूर्ण मुका आहे, आणि मला याचेच सर्वाधिक वाईट वाटते. परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर जबर निर्बंध असलेल्या त्या देशात टेकटॉय या स्थानिक कंपनीने सेगाची यंत्रे देशातच तयार केली. 1989मध्ये मास्टर सिस्टिम आणि 1990च्या डिसेंबरात मेगा ड्राइव्ह. निन्टेन्डोची अधिकृत दुकानदारी तिथे सुरू व्हायला 1993 उजाडले. टेकटॉयने केवळ यंत्रे जोडली नाहीत, तर खेळ पोर्तुगीज भाषेत आणले आणि 'वंडर बॉय'च्या मालिकेतील नायक काढून त्याच्या जागी ब्राझीलच्या घराघरांत लाडकी असलेली चित्रकथेतली मोनिका बसवली. 'वंडर बॉय इन मॉन्स्टर वर्ल्ड' हा मूळ खेळ मिनीवर आहे. मोनिकाची 1994ची आवृत्ती नाही. भाषा बदलून खेळ बदलण्याची इतकी सुरेख सोय हाताशी असताना पोर्तुगीज निवडल्यावर मोनिका अवतरली असती, तर या वस्तूला तोड राहिली नसती. दक्षिण कोरियातही जपानी मालाला दारे बंद असल्याने तिथे हेच यंत्र सॅमसंगच्या नावाने विकले जाई आणि निन्टेन्डोचे ह्युंदाईच्या नावाने. त्याचाही इथे मागमूस नाही.

भारताचा उल्लेख या यादीत ओघाने येतो. मद्यव्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या शॉ वॉलेस कंपनीशी सेगाने 1995मध्ये वितरणाचा करार केला, कारण आयातीवरचा 80 टक्के कर टाळायचा होता. तरीही यंत्राची किंमत 18,000 रुपये होती. ज्या वर्षी अमेरिकेत नव्या पिढीची यंत्रे दाखल होत होती, त्या वर्षी महाराष्ट्रातल्या नोकरदार घराने एका खेळण्यासाठी एवढी रक्कम मोजावी, ही अपेक्षाच अवास्तव होती. आपल्याकडे 'व्हिडिओ गेम' म्हणून जे घराघरांत आले ते निन्टेन्डोच्या आठ-बिट यंत्राच्या स्वस्त नकला, आणि एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या पिवळ्या कॅसेटी. म्हणजे भारतात निन्टेन्डो जिंकली, ती निन्टेन्डोला एक पैसाही न मिळता. त्यामुळे मराठी वाचकांपैकी बहुतेकांसाठी मिनीवरचे खेळ नवेच असतील, आणि आठवणींचा आधार न घेता ते खेळून पाहण्यात वेगळा आनंद आहे.

मिनीवर दोन खेळ असे आहेत, जे मूळ मेगा ड्राइव्हवर ग्राहकाला कधी मिळालेच नाहीत : 'डॅरियस' आणि 'टेट्रिस'. 'डॅरियस' ही नेमबाजीप्रेमींना दिलेली सुरेख भेट आहे. 'टेट्रिस'ला मात्र जुन्या जखमेचा संदर्भ आहे. जपानच्या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या) दालनांत 1988मध्ये सेगाचा टेट्रिस तुफान चालला होता आणि मेगा ड्राइव्हसाठीची त्याची कॅसेटही तयार होती, पण घरगुती यंत्रांवरील हक्क निन्टेन्डोने मिळवल्यामुळे ती विक्रीआधीच मागे घ्यावी लागली. तोच टेट्रिस निन्टेन्डोने गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासोबत अमेरिकेत दिला आणि गेम बॉयचे नशीब पालटले. मिनीवरचा टेट्रिस ही एम-टूने नव्याने घडवलेली, आर्केडच्या धाटणीची आवृत्ती आहे. खेळायला ती साधी, किंचित रुक्ष आहे. एका वेळी एकच तुकडा पुढे दिसतो आणि आजच्या टेट्रिसमधल्या सोयी तिच्यात नाहीत. तरीही मी संग्रहातून तिला वगळणार नाही.

किमतीविषयी. नवा असताना जेनेसिस मिनी दोन पॅडसह जवळपास 80 डॉलरला मिळे. जपानमध्ये एका पॅडसह 6,980 आणि दोन पॅडसह 8,980 येन पडत. आता उत्पादन थांबलेले असल्याने विक्रेता सांगेल तो भाव. 2022मध्ये आलेल्या 'मिनी 2'मध्ये मेगा सीडी या मूळ यंत्राच्या सीडी-जोडाचे खेळही आहेत, पण ते नग फारच थोडे काढले गेले आणि त्यांचा भाव आणखी चढा आहे. आधी पहिला मिनीच घ्यावा. ज्यांना सॉनिक, 'गनस्टार हीरोज' आणि 'फँटसी स्टार 4' इंग्रजीत निवांत खेळायचे आहेत, त्यांनी अमेरिकी किंवा युरोपीय संच घ्यावा आणि शक्य झाल्यास सहा बटणांचे पॅड जोडीला घ्यावे. ज्यांना जपानी अक्षरांची अडचण वाटत नाही, त्यांनी जपानी संचच शोधावा : पॅड चांगले आहे, यादी अधिक धीट आहे आणि केवळ शोभेसाठी निघालेले मेगा सीडी व 32एक्स या जुन्या जोडयंत्रांचे चिमुकले नमुने त्यावर नेमके बसतात.